दोरी सुटली, मग मोजणी आली

समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या माणसाचा विषय वर्गात निघाला की मुलांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. शार्क आला तर? टाकीतली हवा संपली तर? या प्रश्नांना उत्तरे आहेत आणि ती जरूर द्यावीत. पण हौसेने बुडी मारणाऱ्यांच्या अपघातांचा इतिहास चाळू लागले की आपल्या ध्यानात एक निराळीच गोष्ट येते. पाण्याखालच्या धोक्यांवर शास्त्रज्ञांनी शे-दीडशे वर्षे डोके खपवले आणि त्यांतल्या बऱ्याच धोक्यांना वेसण घातली. ज्या बोटीवरून माणूस पाण्यात उतरतो आणि जिच्यावर परत येतो, त्या बोटीकडे मात्र कितीतरी कमी लक्ष गेले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या काही सर्वांत गाजलेल्या दुर्घटना बोटीवरच घडल्या आहेत. त्यांच्या मुळाशी कोणतेही अवघड शास्त्र नाही. माणसे नीट मोजली गेली नाहीत, किंवा रात्री कोणी जागे राहिले नाही, एवढेच.

हे असे का झाले असावे? आमच्या मते याचे उत्तर एका दोरीत सापडते.

मन्नारच्या आखातात मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुडी मारणारे लोक शतकानुशतके एकच रीत पाळत आले. पायाला दगडाचे वजन लावून बुड्या मारणारा झपकन तळाशी जाई. त्याच्या हातातल्या दोरीचे दुसरे टोक होडीतल्या सोबत्याच्या हातात असे. खाली दम संपत आला की दोरीला हिसका द्यायचा आणि वरच्याने भराभर ओढून घ्यायचे. जपानमध्ये शिंपले व समुद्रवनस्पती काढणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांना आमा म्हणतात. त्यांच्यापैकी खोल पाण्यात उतरणाऱ्या स्त्रियांची दोरी होडीतून बहुधा त्यांचा नवराच धरी. कोणाच्या हाती दोरी द्यायची हा विचार हलका नव्हता हे उघडच आहे.

एकोणिसाव्या शतकात पितळी व तांब्याचे शिरस्त्राण आणि रबरी कापडाचा पोशाख आला. ऑगस्टस सीब या लंडनमधल्या कारागिराने १८३० नंतरच्या दशकात हा पोशाख बराच सुधारला. आता पाणबुड्या तासन् तास खाली राहू शके, कारण बोटीवरचा हातपंप त्याला नळीतून हवा पुरवत असे. १७८२ साली इंग्लंडमध्ये स्पिटहेड येथे नांगरलेले 'रॉयल जॉर्ज' हे युद्धजहाज बुडाले होते. त्याचे अवशेष काढण्याचे काम १८३९ साली कर्नल पास्ली यांच्या देखरेखीखाली सुरू झाले, तेव्हा हाच पोशाख वापरला गेला. तेथे पाणबुडे जोडीने काम करत. 'एकट्याने बुडी मारायची नाही' या आजच्या नियमाचे मूळ पुष्कळ जण तेथेच शोधतात.

तंत्र बदलले तरी दोरी तशीच राहिली. हवेच्या नळीबरोबर एक जीवदोर असे आणि ती धरायला बोटीवर एक माणूस नेमलेला असे. किती हिसके म्हणजे काय याची भाषा ठरलेली होती. या माणसाला चहा प्यायला जाण्याची मुभा नव्हती. हातातली दोरी आणि पंपाचा दट्ट्या त्याला सारखी आठवण करून देत की खाली कोणीतरी आहे. पाणबुड्याला विसरून बोट निघून जाणे शक्यच नव्हते, कारण नळी नि दोरी दोन्ही बोटीलाच बांधलेल्या होत्या. शिवाय खाली एक नाहीतर दोन माणसे! त्यांना मोजायचे ते काय?

१९४३ साली फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्याँ हा अभियंता यांनी मिळून एक झडप बनवली. पाठीवरच्या टाकीत दाबून भरलेली हवा ही झडप माणसाने श्वास ओढला की तेवढ्यापुरती सोडते, आणि तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने. ही युक्ती दिसते साधी, पण तिने पाणबुड्याला मासा केले. नळीची गरज उरली नाही, आणि नळीबरोबर दोरीही गेली. हेच स्कूबा. पुढच्या दोन-तीन दशकांत स्कूबा हा हौशी लोकांचा छंद झाला आणि एकेका बोटीवरून वीस-वीस, तीस-तीस माणसे पाण्यात उतरू लागली. प्रत्येक जण मोकळा, जिकडे मन जाईल तिकडे पोहणारा.

या मोकळेपणाचे कौतुक पुष्कळ झाले. पण दोरी तुटल्याने बोटीवरच्या माणसाचे एक ज्ञानेंद्रियच गेले, हे कळायला मात्र वेळ लागला. हाताला जे आपोआप समजत होते ते आता डोक्याने आणि कागदाने लक्षात ठेवावे लागणार होते.

बुडबुड्यांची विद्या

पाण्याखालच्या धोक्यांचे काय झाले, हे आधी पाहू. बोटीवर आज ज्या काही वस्तू ठेवाव्या लागतात त्या का, हे त्यावाचून कळणार नाही.

पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. तीस मीटर खोल गेलेला माणूस चार वातावरणांच्या दाबाखाली असतो आणि त्याच दाबाची हवा श्वासात घेतो. द्रवावरचा वायूचा दाब वाढला की त्या द्रवात तो वायू अधिक विरघळतो, हा हेन्रीचा नियम आपण शिकवतोच. त्यामुळे त्याच्या रक्तात आणि चरबीत नायट्रोजन विरघळत राहतो. हा माणूस झटकन वर आला की सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तेच शरीरात होते.

असा बुडबुडा पहिल्यांदा पाहिला तो रॉबर्ट बॉइल यांनी. १६७० च्या सुमारास त्यांनी एका विषारी सापाला बंद पात्रात ठेवून पंपाने हवा काढून घेतली, तेव्हा सापाच्या डोळ्यात इकडून तिकडे हलणारा एक बुडबुडा दिसला. त्याचा अर्थ लागायला दोनशे वर्षे जावी लागली. मधल्या काळात नद्यांवर मोठे पूल बांधले जाऊ लागले. पुलाच्या खांबांचा पाया घालण्यासाठी नदीच्या तळावर प्रचंड पेट्या उपड्या ठेवीत, आत दाबाची हवा भरून पाणी बाहेर लोटत आणि मजुरांना आत उतरवून तळ खणून घेत. संध्याकाळी बाहेर पडलेल्या मजुरांचे सांधे दुखू लागत. काहींचे पाय लुळे पडत, काही मरत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी अशा ११० रुग्णांवर उपचार केल्याची नोंद आहे. पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग यांनाही १८७२ साली याच दुखण्याने अंथरुणाला खिळवले. पुढची कित्येक वर्षे ते घराच्या खिडकीतून दुर्बिणीने काम पाहत आणि त्यांच्या पत्नी एमिली सूचना घेऊन पुलावर जात.

फ्रान्समधले शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली हवेच्या दाबाबद्दल एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. दुखणे नायट्रोजनच्या बुडबुड्यांचे आहे हे त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवले. त्यांनी दोन उपाय सुचवले: दाब हळूहळू उतरवा, आणि दुखणे झालेल्याला शुद्ध ऑक्सिजन द्या. दाब नेमका किती हळू उतरवायचा हे मात्र ठरायचे होते. ते काम ब्रिटिश नौदलाच्या सांगण्यावरून जॉन स्कॉट हाल्डेन यांनी केले. त्यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेत एका पोलादी कोठीत बकऱ्या ठेवल्या, दाब वाढवला आणि निरनिराळ्या गतींनी उतरवला. ज्या बकरीला दुखणे होई ती पुढचा एक पाय उचलून धरी. या मुक्या जनावराने आपले दुखणे इतक्या स्पष्टपणे सांगितले नसते तर हाल्डेन यांचे काम अडलेच असते! दोन वातावरणांवरून एकावर आलेल्याला सहसा त्रास होत नाही, यावरून त्यांनी असा कयास बांधला की दाब निम्मा होईपर्यंत वर येणे धोक्याचे नाही, आणि तेथून पुढे टप्प्याटप्प्याने थांबत यावे. १९०८ साली त्यांचे तक्ते छापले गेले. आज पाणबुड्याच्या मनगटावर जो छोटा संगणक असतो तो याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती चालवतो.

बेर यांचा दुसरा सल्ला, म्हणजे ऑक्सिजनचा, हौशी बोटींवर पोचायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९८० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पाणबुड्यांना दिवसरात्र वैद्यकीय सल्ला देणारी एक सेवा सुरू झाली. पुढे तिचे नाव डायव्हर्स अलर्ट नेटवर्क असे पडले. बोटीवर ऑक्सिजन हवाच आणि तो देण्याचे शिक्षण खलाशांना हवेच, हा आग्रह अशा संस्थांनी धरला. मुळात ऑक्सिजन का द्यायचा हा प्रश्न आठवी-नववीच्या मुलांना जरूर विचारावा. रुग्णाला हवेची कमतरता नसते. पण फुप्फुसांत निव्वळ ऑक्सिजन असला की तेथे नायट्रोजनचा दाब जवळजवळ शून्य होतो, आणि रक्तातला नायट्रोजन उतारावरून पाणी वाहावे तसा भराभर बाहेर पडू लागतो.

येथे एक छोटेसे गणितही आहे. ३ लिटर मावणाऱ्या टाकीत २०० वातावरण दाबाने ऑक्सिजन भरला, तर बाहेर तो सुमारे ६०० लिटर होतो. रुग्णाला मिनिटाला १५ लिटर द्यायचा तर टाकी ४० मिनिटे पुरेल. बंदर दोन तासांच्या अंतरावर असेल तर निदान १८०० लिटर हवेत, म्हणजे अशा तीन टाक्या, आणि त्याही एकाच रुग्णासाठी. बोटीवर ऑक्सिजन आहे का, हा प्रश्न म्हणून अपुराच आहे. तो किती मिनिटांचा आहे आणि बंदर किती मिनिटांवर आहे, हेही विचारायला हवे. (तेलकट हात वा चिंधी ऑक्सिजनच्या तोटीजवळही न्यायची नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. तेथे ठिणगीला फार निमित्त लागत नाही.)

एवढे सगळे शास्त्र हाताशी आले. आता बोटीकडे वळू.

सव्वीस माणसे

२५ जानेवारी १९९८. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पोर्ट डग्लस या गावातून एक बोट २६ प्रवासी घेऊन ग्रेट बॅरिअर रीफच्या बाहेरच्या कडेला, सेंट क्रिस्पिन्स रीफ नावाच्या प्रवाळभिंतीकडे गेली. दिवसभरात बुड्या झाल्या, संध्याकाळी बोट परतली. प्रवाशांत एक अमेरिकन दांपत्य होते. दोघेही अनुभवी पाणबुडे. ते बोटीवर नव्हते. हे बोटवाल्यांच्या लक्षात आले दोन दिवसांनी, बोटीवर राहिलेली त्यांची पिशवी उघडली आणि आत पैशाचे पाकीट व कागदपत्रे सापडली तेव्हा. मोठा शोध झाला, पण दोघे सापडले नाहीत. त्यांच्या काही वस्तू तेवढ्या पुढे किनाऱ्याला लागल्या.

बोटीच्या कप्तानावर मनुष्यवधाचा खटला चालला. १९९९ साली ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. कंपनीला दंड झाला. खटल्यात वादाचा मोठा मुद्दा होता तो डोकी मोजण्याचा.

सहलीला मुले नेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला यातले मर्म वेगळे सांगायला नको. चालत्या-फिरत्या माणसांना मोजणे हे वाटते त्यापेक्षा फार अवघड काम आहे. समजा, मोजणारा डेकवरून फिरतो आहे. कोणी खाली कपडे बदलतो आहे, कोणी शौचालयात आहे, दोघे मोजणी चालू असतानाच पुन्हा पाण्यात उडी टाकतात. आकडा कमी भरतो. कोणीतरी म्हणते, 'अरे, दोघे पाण्यात आहेत.' मोजणारा दोन मिळवतो आणि बेरीज जुळते. मनात अपेक्षित आकडा आधीच असला की माणूस नकळत त्या आकड्याकडे जाणाऱ्या वाटा शोधतो. पण हे मिळवलेले दोन तेच दोन आहेत का, हे आकडा सांगत नाही. सव्वीस हा आकडा म्हणजे सव्वीस नावे नव्हेत. हजेरी घेताना आपण मुले नुसती मोजत नाही, नावे पुकारतो आणि ज्याचे नाव त्याच्याच तोंडून 'हजर' ऐकतो, ते उगाच नाही.

या घटनेनंतर क्वीन्सलँड राज्याने आपले नियम घट्ट केले. बुडी मारणाऱ्या प्रत्येकाचे नाव, पाण्यात उतरल्याची वेळ, वर आल्याची वेळ आणि गाठलेली खोली यांची नोंद ठेवायची, आणि सगळे परत आल्याची खातरजमा झाल्याशिवाय जागा सोडायची नाही. आता ही नोंदवही हीच दोरी झाली.

मागे राहिलेला माणूस शोधणे इतके कठीण का जाते, हे भूमितीने समजते. समुद्रसपाटीपासून डोळा जितके मीटर उंच असेल त्याच्या वर्गमूळाला साडेतीनने गुणले की क्षितिजाचे अंतर जवळपास किलोमीटरमध्ये मिळते. पाण्यात तरंगणाऱ्या माणसाचा डोळा फार तर २० सेंटिमीटर वर असतो, म्हणजे त्याचे क्षितिज दीड किलोमीटरवर संपते. त्यापलीकडे बोटीचा वरचा भाग दिसेल, पण अर्ध्या मीटरची लाटही मध्ये आली की तोही नाही. बोटीवरच्याला तर दीड किलोमीटरवरचे काळे डोके शोधायचे असते, तेही चमकणाऱ्या पाण्यात. म्हणून पाणबुडे आता फुगवून उभी करता येणारी माणूसभर उंचीची नारिंगी नळी, शिट्टी आणि आरसा जवळ बाळगतात.

बोटीवर बेतणारे प्रसंग इतर प्रकारचेही आहेत. ८ ऑक्टोबर २००१ रोजी बेलीझ देशात 'वेव्ह डान्सर' ही पाणबुड्यांची बोट 'आयरिस' चक्रीवादळापासून आसरा म्हणून धक्क्याला बांधून ठेवली होती. दोर तुटले, बोट उलटली आणि २० जण बुडाले. त्या वेळी कोणीही बुडी मारत नव्हते. आपल्याकडे २४ मे २०२२ रोजी, पावसाळ्यासाठी समुद्र बंद होण्याचे दिवस तोंडावर आले असताना, मालवणजवळ तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखाली जाऊन सुखरूप वर आलेली ही माणसे होती. तारकर्ली-मालवणला आता मोठ्या संख्येने लोक स्कूबासाठी जातात, त्यांत शाळा-कॉलेजांच्या सहलीही असतात. पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा हे तेथे प्रत्येकाला शिकवतात. त्याच काळजीने, बोटीवर बसल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर बांधलेलेच हवे, हे आपण आपल्या मुलांना निघण्यापूर्वी सांगावे.

रात्रीचा पहारा

आता ज्या घटनेसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येऊ.

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा बंदरातून 'कन्सेप्शन' नावाची बोट पाणबुड्यांना घेऊन जवळच्या बेटांकडे तीन-तीन दिवसांच्या सफरींवर जात असे. लांबी ७५ फूट. १९८१ साली बांधलेली, लाकडी प्लायवूडवर फायबरग्लासचा थर दिलेली. सर्वांत खाली झोपण्याची खोली, तीत एकावर एक बिछाने. तिच्यावर मुख्य डेकवर स्वयंपाकघर आणि बसण्या-जेवण्याचे दालन. सर्वांत वर सुकाणूघर आणि खलाशांच्या खोल्या. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे ही बोट सांताक्रूझ बेटाच्या प्लॅट्स हार्बर या आडोशाच्या जागी नांगरून उभी होती. ३३ प्रवासी आणि एक खलाशी खाली झोपले होते. कप्तानासह पाच जण वर झोपले होते.

तीनच्या सुमारास वरच्या एकाला आवाजाने जाग आली. त्याने पाहिले तो खालच्या दालनातून ज्वाळा येत होत्या. शिडीपर्यंत आग पोचली होती. खलाशांनी वरून खाली उड्या मारल्या आणि पुढच्या खिडक्यांतून आत शिरण्याचा प्रयत्न केला, पण जमले नाही. ३ वाजून १४ मिनिटांनी कप्तानाने बिनतारी संदेशावर मदत मागितली. खालचे सर्व ३४ जण मेले. वरचे पाचही वाचले. बोट पाण्याच्या रेषेपर्यंत जळून बुडाली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या दुर्घटनेचा तपास केला आणि २०२० साली अहवाल दिला. आग दालनाच्या मागच्या बाजूला लागली, पण कशाने लागली हे नक्की सांगता आले नाही, कारण पुरावाच जळून गेला होता. त्या भागात प्रवाशांचे फोन, कॅमेरे, पाण्याखाली वापरायचे दिवे यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या. आग कशाने लागली यापेक्षा ती इतका वेळ कोणालाच कशी कळली नाही, हा प्रश्न आम्हांला मोठा वाटतो.

त्या बोटीची रचना पाहा. झोपण्याच्या खोलीतून बाहेर पडायला दोन वाटा होत्या. एक जिना, आणि दुसरे म्हणजे मागच्या एका बिछान्यावरचे चौकोनी झाकण. नियमाने दोन वाटा हव्या होत्या, तशा त्या होत्या. पण दोन्ही वाटा उघडत होत्या त्या एकाच दालनात, आणि आग त्याच दालनात होती. धुराची सूचना देणारी यंत्रे झोपण्याच्या खोलीत होती. धूर मात्र वर चढतो. दालनातला धूर आधी दालनात भरणार आणि खालच्या यंत्रापर्यंत पोचेतो फार उशीर होणार, हे कोणाही विज्ञान शिक्षकाला सहज उमगेल. दालनात असे यंत्र नव्हते, कारण नियमाने ते तेथे लागत नव्हते. शवचिकित्सेत मृत्यू धुराने व कार्बन मोनॉक्साइडने झाल्याचे दिसले. झोपेतच सर्व संपले असेल, असे सुरुवातीला लोकांनी मनाचे समाधान करून घेतले होते. तपासातून दिसले ते असे, की बरेच जण जागे झाले होते, पण त्यांना वाट उरली नव्हती.

रचनेतले हे दोष कागदोपत्री नियमात बसणारे होते. पण एक नियम असा होता की तो पाळला असता तर रचना कशीही असली तरी वेळ मिळाला असता. रात्री प्रवासी झोपलेले असताना बोटीवर एक माणूस जागा असला पाहिजे आणि त्याने फिरत राहिले पाहिजे. या बोटीच्या परवान्यातही ही अट होती. त्या रात्री सहाही खलाशी झोपले होते.

हा नियम नवा नव्हता. वाफेच्या बोटींच्या काळात अमेरिकेतल्या नद्यांवर बॉयलर फुटून आणि आगी लागून माणसे शेकड्यांनी मरत. त्यावरून १८३८ साली एक कायदा झाला आणि बोटीवरच्या अधिकाऱ्याच्या हलगर्जीपणाने माणूस मेला तर तो गुन्हा ठरला. १८६५ साली मिसिसिपी नदीवर 'सुल्ताना' या बोटीचा बॉयलर फुटून हजारावर माणसे गेली. १८७१ साली बोटींच्या कायद्यात मोठी सुधारणा झाली, तीत रात्री प्रवासी नेणाऱ्या बोटीने केबिनींमध्ये आणि प्रत्येक डेकवर पहारेकरी ठेवावेत असे कलम होते. म्हणजे पाणबुड्याच्या दुखण्याचे कारण पॉल बेर यांनी सांगण्याच्याही सात वर्षे आधी, रात्री एकाने जागे राहावे हे कायद्याने सांगून झाले होते.

मग ते कलम दीडशे वर्षांनी कोठे गेले? कागदावर ते शाबूत होते. पण तपासात निघालेली एक गोष्ट आम्हांला बोलकी वाटते. १९९१ पासून अमेरिकेच्या तटरक्षक दलाने रात्रीचा पहारा न ठेवल्याबद्दल एकाही बोटमालकावर वा चालकावर कारवाई केल्याची नोंद नव्हती. लाइफ जॅकेट मोजता येतात, आग विझवण्याच्या नळकांड्याची तारीख वाचता येते. पहारा मात्र रात्रीच तपासायचा असतो आणि तपासनीस दिवसा येतो. बोटवाल्याला हे ठाऊक असते. वीस-तीस वर्षे काही घडत नाही, खलाशी दिवसभर दमलेले असतात, आणि 'आम्ही येथेच तर झोपलो आहोत' हेच पहाऱ्याच्या जागी येऊन बसते. कप्तान वाईट माणूस होता असे मानून विषय मिटवणे सोपे आहे. पण ही सवय एका बोटीपुरती नव्हती, हेच त्या आकडेवारीने, किंवा आकडेवारीच्या अभावाने, दाखवले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने या कप्तानाला दोषी ठरवले, आणि मे २०२४ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. ज्या कायद्याखाली ती झाली त्याचे मूळ १८३८ च्या त्याच बॉयलरच्या कायद्यात आहे. मालकाच्या जबाबदारीला मर्यादा घालणारा १८५१ चा आणखी एक जुना कायदा होता. त्याचा आधार घेऊन नुकसानभरपाई बोटीच्या उरल्यासुरल्या किमतीपुरती, म्हणजे जवळजवळ शून्यावर आणता येत असे. मृतांच्या नातेवाइकांनी त्याविरुद्ध नेट लावला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये लहान प्रवासी बोटींपुरता तो कायदा बदलला गेला.

बोटींचे नियमही बदलले. डिसेंबर २०२१ मध्ये तटरक्षक दलाने नवे नियम जाहीर केले, ते पुढच्या वर्षी लागू झाले. धुराची यंत्रे आता एकमेकांना जोडलेली हवीत, म्हणजे एक वाजले की सगळी वाजतील. झोपण्याच्या जागेतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा दोन निरनिराळ्या ठिकाणी निघाल्या पाहिजेत आणि त्यांपैकी कोणतीही बिछान्यावरून जाता कामा नये. रात्र बोटीवर काढणाऱ्या प्रवाशांना बाहेर पडण्याची वाट दाखवली पाहिजे.

आणि पहारेकरी जागा आहे की नाही हे पाहणारे उपकरण बसवले पाहिजे. ही कल्पना तशी जुनीच. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कारखान्यांत रात्रीच्या गस्तवाल्याच्या गळ्यात एक जड घड्याळ असे. इमारतीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत साखळीने बांधलेल्या वेगवेगळ्या किल्ल्या असत. तेथे जाऊन किल्ली घड्याळात फिरवली की आतल्या कागदावर ठसा उमटे, आणि सकाळी मालक कागद काढून पाही. बोटीवर एवढे थांबून चालत नाही, सकाळी कागद पाहायला कोणी उरले पाहिजे. म्हणून अशा उपकरणांच्या एका साध्या प्रकारात पहारेकऱ्याने ठरावीक मिनिटांनी एक बटण दाबायचे असते. त्याने ते दाबले नाही तर आधी त्याच्याजवळ घंटा वाजते, आणि तरीही दाबले नाही तर कप्तानाच्या उशाशी.